कोंडलेल्या वायूचा हिशेब

डोंगराळ तालुक्यातील एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात रुग्णवाहिका उभी आहे. धाप लागलेल्या रुग्णास जिल्हा रुग्णालयात हलवावयाचे आहे. वाट घाटाची असून प्रवासास दोन तास लागतात. डॉक्टरांनी रुग्णास मिनिटाला ६ लीटर ऑक्सिजन देण्यास सांगितले आहे. रुग्णवाहिकेतील लहान सिलिंडरवरील दाबमापकाचा काटा ७५ च्या आकड्यावर आहे, म्हणजे सिलिंडर निम्मा भरलेला आहे. हा ऑक्सिजन जिल्हा रुग्णालयापर्यंत पुरेल काय? चालक, परिचारिका आणि नातेवाईक या तिघांच्याही मनात हाच प्रश्न असतो, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर अंदाजाने दिले जाते.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात शिकविल्या जाणाऱ्या एका नियमात ते दडलेले आहे. तापमान कायम असता ठराविक वजनाच्या वायूचे आकारमान त्याच्यावरील दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हा तो नियम होय. बॉइलचा नियम या नावाने तो प्रसिद्ध आहे. परीक्षेत चार गुण मिळवून देणारे सूत्र एवढीच त्याची ओळख अनेकांच्या स्मरणात उरलेली असते. हा नियम व्यवहारात कोठे उपयोगी पडतो, कोठे फसवितो आणि तो समजून घेणे हे गावपातळीवर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने अगत्याचे का आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

जिन्यात उभी केलेली काचेची नळी

रॉबर्ट बॉइल यांचा जन्म १६२७ मध्ये आयर्लंडमधील लिस्मोर येथे झाला. हवा ही दाबली असता आकसते आणि दाब काढताच पुन्हा पसरते. तिच्या अंगी जणू स्प्रिंगसारखा गुण आहे, असे त्यांचे मत होते. रॉबर्ट हूक या कुशल साहाय्यकाने तयार केलेल्या निर्वात पंपाच्या साह्याने त्यांनी हवेवर अनेक प्रयोग केले आणि १६६० मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

या मतावर फ्रान्सिस लायनस या विद्वान धर्मोपदेशकाने आक्षेप घेतला. वायुभारमापकाच्या नळीतील पाऱ्याचा एवढा उंच स्तंभ हवेसारख्या हलक्या पदार्थाच्या दाबाने उचलून धरला जाईल, ही गोष्ट त्यांना पटण्यासारखी नव्हती. कोणत्या तरी अदृश्य तंतूने तो स्तंभ वरून ओढून धरलेला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. या आक्षेपास बॉइल यांनी शब्दांनी नव्हे, तर मोजमापाने उत्तर दिले.

त्यांनी इंग्रजी ‘जे’ या अक्षराच्या आकाराची एक लांब काचनळी घेतली. तिचे आखूड टोक बंद व लांब टोक उघडे होते. आखूड बाजूत १२ इंच उंचीची हवा कोंडली आणि त्या उंचीचे ४८ सारखे भाग पाडले. मग उघड्या टोकातून थोडा थोडा पारा ओतीत जाऊन कोंडलेली हवा किती आकसते याची नोंद घेतली. नळी इतकी लांब होती की, ती खोलीत मावेना. म्हणून ती जिन्यात उभी करावी लागली. प्रयोगाच्या दरम्यान एक नळी फुटलीही. तथापि काम थांबले नाही. १६६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत हा तक्ता देण्यात आला. त्यातील पाच नोंदी पुढीलप्रमाणे आहेत. दाबाचे आकडे पाऱ्याच्या स्तंभाच्या इंचांत असून वातावरणाचा दाब त्यात मिळविलेला आहे.

हवेचे भाग ४८, दाब २९.१३ इंच, गुणाकार १३९८
हवेचे भाग ३६, दाब ३९.३१ इंच, गुणाकार १४१५
हवेचे भाग २४, दाब ५८.८१ इंच, गुणाकार १४११
हवेचे भाग १६, दाब ८७.८८ इंच, गुणाकार १४०६
हवेचे भाग १२, दाब ११७.५६ इंच, गुणाकार १४११

हवा निम्मी झाली तेव्हा दाब दुप्पट झाला. हवा पाव झाली तेव्हा दाब चौपट झाला. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार जवळजवळ कायम राहिला. त्यातील फरक दीड टक्क्याच्या आत आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी हाताने केलेल्या मोजमापात एवढी अचूकता यावी, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या निदर्शनास अवश्य आणून द्यावी.

या शोधाचे श्रेय एकट्या बॉइल यांचे नाही, हेही नमूद करणे उचित ठरेल. रिचर्ड टाउनली व हेन्री पॉवर या दोन इंग्रज अभ्यासकांनी त्याच सुमारास या दिशेने प्रयोग केले होते, आणि दाब व आकारमान यांच्या संबंधाची कल्पना टाउनली यांची असल्याचे बॉइल यांनी स्वतःच मान्य केले आहे. पुढे फ्रान्समध्ये मारिओट यांनीही हा नियम मांडला. त्यामुळे त्या देशात तो मारिओट यांच्या नावाने ओळखला जातो.

असे का घडते?

वायू हा सतत धावणाऱ्या असंख्य सूक्ष्म कणांचा समूह होय. हे कण भांड्याच्या भिंतींवर आदळत असतात आणि या आघातांची गोळाबेरीज म्हणजेच वायूचा दाब. तेवढेच कण निम्म्या जागेत कोंडले, तर भिंतीच्या प्रत्येक भागावर दुप्पट आघात होऊ लागतात आणि दाब दुप्पट होतो. हे स्पष्टीकरण डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ मध्ये मांडले.

तापमान कायम असले पाहिजे ही अट नियमात का आहे, याचा उलगडाही येथेच होतो. वायू तापला की त्याचे कण अधिक वेगाने धावतात, अधिक जोराने आदळतात, आणि जागा तेवढीच असूनही दाब वाढतो. सायकलच्या चाकात भराभर हवा भरली असता पंपाचे खालचे टोक तापते, हा सर्वांचा अनुभव आहे. अशा वेळी दाब वाढण्यास आकसलेल्या जागेबरोबर वाढलेली उष्णताही कारणीभूत असते. म्हणून नियम पडताळून पाहावयाचा असेल, तर वायू सावकाश दाबावा आणि प्रत्येक नोंदीपूर्वी थोडे थांबावे.

वर्गात करता येण्याजोगा प्रयोग

पारा विषारी असल्याने बॉइल यांचा प्रयोग शाळेत जसाच्या तसा करणे योग्य नाही. त्याची आवश्यकताही नाही. २० मिलिलीटरची, सुई नसलेली, नवी कोरी प्लास्टिकची सिरिंज आणि वजनाच्या मापांचा संच एवढ्या साहित्यावर तो करता येतो. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही, तेथील शिक्षकांसही तो सहज साधेल.

प्रथम दट्ट्या २० च्या खुणेवर आणून सिरिंजचे तोंड मेणाने किंवा घट्ट बुचाने बंद करावे. सिरिंज उभी धरून ठेवण्यासाठी लाकडी ठोकळ्यास भोक पाडावे. दट्ट्याच्या डोक्यावर लहानशी फळी बसवून तिच्यावर एकेक किलोची मापे ठेवीत जावे. दट्ट्याचे क्षेत्रफळ काढण्याची सोपी रीत अशी : २० मिलिलीटरची खूण तळापासून किती सेंटिमीटरवर आहे ते पट्टीने मोजावे आणि त्या संख्येने २० ला भागावे. उत्तर चौरस सेंटिमीटरमध्ये येईल.

समजा, हे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर आले. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.०३ किलो असतो. घाटमाथ्यावर तो याहून थोडा कमी असतो. सोयीसाठी तो १ किलो धरावा. दट्ट्यावर माप नसताना हवेवर १ किलोचा दाब आहे. ३ किलोंची मापे ठेवली, की दर चौरस सेंटिमीटरला आणखी १ किलो दाब पडतो. एकूण दाब २ किलो, म्हणजे दुप्पट होतो आणि हवा २० वरून १० वर यावयास हवी. १ किलोचे माप ठेवल्यास हवा १५ वर, तर २ किलोंची मापे ठेवल्यास ती १२ वर यावी.

प्रत्यक्षात आकडे इतके नेमके येणार नाहीत. दट्ट्याचे रबर नळीच्या भिंतीस घासते आणि त्यामुळे तो थोडा अडतो. त्यावर उपाय असा की, माप ठेवल्यावर दट्ट्या किंचित खाली दाबून सोडावा व नोंद घ्यावी. मग किंचित वर ओढून सोडावा व दुसरी नोंद घ्यावी. दोन्ही नोंदींची सरासरी खऱ्या आकड्याच्या जवळ जाते. आलेला फरक विद्यार्थ्यांपासून लपविण्यापेक्षा तो कशामुळे आला, हे त्यांनाच शोधावयास लावणे अधिक शैक्षणिक मोलाचे ठरेल.

या प्रयोगातून एक गोष्ट ठसली पाहिजे. नियमातील दाब हा एकूण दाब होय. वातावरणाचा दाब त्यात मिळविला नाही, तर गणित हमखास चुकते. मापे १ किलोवरून २ किलोंवर नेली म्हणून हवा निम्मी होत नाही, ती १५ वरून १२ वर येते. विद्यार्थ्यांचा आणि कित्येकदा मोठ्यांचाही घोटाळा नेमका येथेच होतो.

ऑक्सिजनच्या सिलिंडरचा हिशेब

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर अंगाने काळा व खांद्याला पांढरा रंगविलेला असतो. रुग्णवाहिकेत वापरल्या जाणाऱ्या लहान सिलिंडरची पाण्याची क्षमता साधारणपणे १० लीटर, तर ज्यास जंबो म्हटले जाते त्या मोठ्या सिलिंडरची ४६.७ लीटर असते. पाण्याची क्षमता म्हणजे त्या सिलिंडरमध्ये काठोकाठ पाणी भरल्यास मावेल ते पाणी. अर्थात वायूला मिळणारी जागा. ऑक्सिजन त्यात सुमारे १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या दाबाने भरलेला असतो.

हा वायू सिलिंडरमधून बाहेर पडून वातावरणाच्या दाबावर आला की, नियमाप्रमाणे तितक्या पटीने पसरतो. मापकावरील आकडा वातावरणाच्या दाबाच्या वरचा असतो. काटा शून्यावर आला तरी सिलिंडरमध्ये वातावरणाच्या दाबाचा १० लीटर वायू उरतोच. पण तो आपण होऊन बाहेर येत नाही. म्हणून बाहेर मिळणाऱ्या ऑक्सिजनचा हिशेब फार सोपा होतो. सिलिंडरची पाण्याची क्षमता आणि मापकावरील दाब यांचा गुणाकार केला की लीटर मिळतात. लहान भरलेल्या सिलिंडरमध्ये १० गुणिले १५०, म्हणजे १,५०० लीटर. तर मोठ्यात ४६.७ गुणिले १५०, म्हणजे सुमारे ७,००० लीटर.

सिलिंडर अगदी रिकामा होईपर्यंत रुग्णास त्याच्यावर ठेवणे धोक्याचे असते. यास्तव काटा १५ वर येताच सिलिंडर बदलावयाचा, असे धरून हिशेब करावा. मापकावरील आकड्यातून १५ वजा करावे, बाकीस पाण्याच्या क्षमतेने गुणावे आणि आलेल्या लीटरांना मिनिटाला द्यावयाच्या प्रवाहाने भागावे. उत्तर मिनिटांत मिळते.

आरंभीच्या उदाहरणात मापक ७५ दाखवितो. त्यातून १५ वजा जाता ६० उरतात. १० लीटर क्षमतेने गुणता ६०० लीटर होतात. मिनिटाला ६ लीटर या प्रवाहाने हा ऑक्सिजन १०० मिनिटे, म्हणजे १ तास ४० मिनिटे पुरेल. वाट मात्र २ तासांची आहे. निम्मा भरलेला दिसणारा हा सिलिंडर जिल्हा रुग्णालय येण्यापूर्वीच, आणि कदाचित घाटाच्या मध्यावर, संपणार आहे. वाटेत रुग्णाची प्रकृती बिघडून प्रवाह १० लीटर करावा लागला, तर तोच सिलिंडर जेमतेम १ तास चालेल.

हेच गणित निघण्यापूर्वी केले तर काय दिसते? दोन तासांचा प्रवास आणि वाटेत होणाऱ्या खोळंब्यासाठी अर्धा तास धरल्यास १५० मिनिटांना ९०० लीटर लागतील. भरलेला लहान सिलिंडर १५ चा राखीव दाब सोडून १,३५० लीटर देतो. तो ६ लीटरच्या प्रवाहाने पावणेचार तास पुरेल. अर्थात एक भरलेला सिलिंडर सोबत घेतला, तर प्रश्न सुटतो आणि प्रवाह वाढविण्याची वेळ आल्यास दुसराही घेणे शहाणपणाचे ठरते. एका वजाबाकीचा, एका गुणाकाराचा आणि एका भागाकाराचा हा प्रश्न आहे. पण तो दारातच सोडवावयास हवा, घाटात नव्हे.

रुग्णालयाच्या नियोजनातही हाच हिशेब उपयोगी पडतो. एका कक्षात १० रुग्ण आहेत आणि प्रत्येकास मिनिटाला १० लीटर ऑक्सिजन द्यावा लागत आहे, असे समजू. राखीव दाब सोडता मोठा सिलिंडर सुमारे ६,३०० लीटर देतो. तो या कक्षास अवघा १ तास ३ मिनिटे पुरेल. दिवसाच्या २४ तासांसाठी १,४४,००० लीटर, म्हणजे २३ मोठे सिलिंडर लागतील. २०२१ च्या एप्रिल व मे महिन्यांत कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या वेळी सिलिंडरसाठी राज्यात किती धावपळ करावी लागली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. कालपर्यंत महिनाभर पुरणारा साठा एकाएकी काही तासांत कसा संपतो, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

उन्हात ठेवलेला सिलिंडर

तापमानाची अट येथे पुन्हा आठवावी लागते. सिलिंडरची जागा पक्की आहे. ती वाढत नाही. उन्हात उभ्या असलेल्या वाहनात सिलिंडर २७ अंश सेल्सियसवरून ४७ अंशांपर्यंत तापला, तर त्यातील दाब सुमारे एक पंधरांशाने वाढतो. जेथे ७५ दिसावयास हवे, तेथे काटा ८० दाखवितो. ऑक्सिजन मात्र एक लीटरनेही वाढलेला नसतो. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील उन्हाळ्यात हा फरक दृष्टिआड करून चालणार नाही. मापकाची नोंद शक्यतो सिलिंडर सावलीत असताना घ्यावी आणि सिलिंडर उन्हात ठेवूच नये.

त्याबरोबरच काही पथ्ये कटाक्षाने पाळावयास हवीत. ऑक्सिजनच्या झडपेस किंवा मापकास तेल अथवा ग्रीस कधीही लावू नये. दाबाखालील ऑक्सिजनच्या सान्निध्यात ते पेट घेऊ शकते. झडप सावकाश उघडावी. सिलिंडर साखळीने बांधून ठेवावा. जवळपास विडी, सिगारेट किंवा दिवा पेटवू नये.

जेथे मापक फसवितो

ऑक्सिजनचा नियम घरगुती गॅसच्या सिलिंडरला लागू पडेल काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर नाही, असे आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो बहुतांशी द्रवरूपात असतो. वरच्या भागातील वायू वापरला गेला की, खालील द्रवाचे बाष्प होऊन ती जागा भरून निघते. परिणामी द्रवाचा शेवटचा अंश उरेपर्यंत तापमान तेच असता दाब जवळजवळ तेवढाच राहतो. अशा सिलिंडरला दाबमापक लावून किती गॅस शिल्लक आहे, हे कळावयाचे नाही. त्याचे वजन करणे हाच खरा मार्ग होय. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावर कोरलेले असते. ते एकूण वजनातून वजा केले की शिल्लक गॅस कळतो. ग्राहकाने सिलिंडर घेताना वजन करून मागावे, असे का सांगितले जाते, हेही यावरून ध्यानात येईल.

ठराविक वजनाचा वायू ही नियमातील दुसरी अट येथे मोडलेली असते. द्रवातून नवा वायू सतत येत राहिला, तर वायूचे वजन ठराविक राहत नाही आणि बॉइलचा नियम तेथे लावता येत नाही. अटी न पाहता सूत्र वापरणाऱ्यास सूत्र फसविते, ते असे.

गोबरगॅस सिलिंडरमध्ये का भरू नये?

गोबरगॅस संयंत्रे असलेल्या गावांत आणखी एक सूचना पुनःपुन्हा पुढे येते. दिवसाकाठी तयार होणारा जादा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये भरून शेजाऱ्यास का देऊ नये, अशी ती सूचना असते. हेतू स्तुत्य आहे. परंतु नियमाच्या कसोटीवर तिची तपासणी केली पाहिजे.

तरंगत्या टाकीच्या संयंत्रात गॅस वाढला की टाकी वर उचलली जाते, गॅस वापरला की ती खाली बसते. दाब टाकीच्या वजनाने ठरतो. तो पाण्याच्या सुमारे १० सेंटिमीटर उंचीइतका, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक शतांश असतो. एवढ्याशा दाबाने १ घनमीटर गॅस फक्त ०.९९ घनमीटर होतो. म्हणजेच गोबरगॅस जवळजवळ मूळ आकारमानातच साठविला जातो, आणि म्हणून त्यास मोठी टाकी लागते. १९७८ मधील जनता आणि १९८४ मधील दीनबंधू या पक्क्या घुमटाच्या संयंत्रांत टाकी हलत नाही. तेथे साठणारा गॅस शेणकाल्यास बाजूच्या कुंडात ढकलतो आणि दाब कमीजास्त होत राहतो.

आता २ घनमीटर, म्हणजे २,००० लीटर गोबरगॅस घरगुती सिलिंडरमध्ये भरावयाचा असे समजू. त्या सिलिंडरची पाण्याची क्षमता सुमारे ३३ लीटर असते. २,००० लीटरला ३३ ने भागले असता ६० येतात. अर्थात वातावरणाच्या साठपट दाब द्यावा लागेल. घरगुती सिलिंडर अशा दाबासाठी बनविलेला नसतो. तो फुटल्यास जीवितहानी ओढवेल. शिवाय गोबरगॅसमधील मिथेन हा वायू उणे ८२ अंश सेल्सियसच्या वर असताना कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही, त्यामुळे घरगुती गॅसप्रमाणे कमी दाबात पुष्कळ साठा करण्याची सोयही तेथे नाही. गॅस शुद्ध करून, उच्च दाबासाठी बनविलेल्या खास सिलिंडरमध्ये तो भरणारे प्रकल्प असतात. परंतु ते मोठ्या यंत्रसामग्रीचे व तज्ज्ञांच्या देखरेखीचे काम आहे. घरच्या घरी पंपाने गॅस भरण्याचा प्रयत्न कोणी करीत असेल, तर पंचायत सदस्यांनी त्यास वेळीच परावृत्त करावे. जादा गॅस असल्यास नळीने शेजारच्या घरी नेणे, किंवा दोन कुटुंबांनी मिळून एक संयंत्र चालविणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय.

घाटमाथा आणि समुद्राचा तळ

हा नियम निसर्गातही ठायी ठायी दिसतो. कोकणातून महाबळेश्वरास जाताना सोबतचे चिवड्याचे बंद पाकीट फुगते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास असतो. पाकिटातील हवेस पसरण्यास मोकळीक मिळाली, तर तापमान सारखेच धरता १०० मिलिलीटर हवा जवळपास ११८ मिलिलीटर होते.

याच्या उलट प्रकार पाण्याखाली घडतो. समुद्रात १० मीटर खोल गेले की, वातावरणाच्या दाबात तेवढ्याच दाबाची भर पडते आणि एकूण दाब दुप्पट होतो. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाण्याखालील सृष्टी पाहण्यासाठी पर्यटक बुडी मारतात. पाठीवरील सिलिंडरमधून श्वास घेणाऱ्याने वर येताना श्वास कधीही रोखून धरू नये, हा पहिला धडा त्यांना शिकविला जातो. १० मीटर खोलीवर छातीत भरलेली ५ लीटर हवा पृष्ठभागावर येताना १० लीटर होऊ पाहते. तिला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही, तर फुप्फुसास इजा होते. प्रशिक्षकाच्या सूचनेमागे हा नियम उभा आहे, हे कळले की ती सूचना विसरली जात नाही.

नियमाची मर्यादा

बॉइलचा नियम सर्व वायूंना सर्व दाबांवर तंतोतंत लागू पडतो, असे नाही. दाब फार वाढला की वायूचे कण एकमेकांच्या इतके जवळ येतात की, त्यांची परस्परांतील ओढ आणि त्यांची स्वतःची जागा यांचा परिणाम जाणवू लागतो. डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ मध्ये या दोन्ही गोष्टी विचारात घेणारे समीकरण मांडले. १५० किलो दाबावर ऑक्सिजन नियमाने येणाऱ्या आकड्यापेक्षा काही टक्के अधिकच मावतो. त्यामुळे वर दिलेल्या हिशेबातील चूक रुग्णाच्या सुरक्षिततेच्या बाजूची आहे. सिलिंडर हिशेबापेक्षा थोडा जास्त चालेल, कमी नव्हे. तथापि या जादा ऑक्सिजनवर विसंबून राहू नये.

शाळेपासून आरोग्य केंद्रापर्यंत

हे ज्ञान कोणा एका खात्याचे नाही. शिक्षकांनी नियम शिकविताना सिरिंजच्या प्रयोगाबरोबर ऑक्सिजनच्या सिलिंडरचे एक गणित घातले, तर विद्यार्थ्यांना सूत्राचा अर्थ कळेल आणि तो घरोघरी पोहोचेल. आरोग्य केंद्राच्या अधिकाऱ्यांनी सिलिंडरजवळील भिंतीवर एक लहानसा तक्ता लावून घ्यावा. १० लीटरच्या सिलिंडरचा मापक ७५ वर असता मिनिटाला २ लीटरने ५ तास, ६ लीटरने १ तास ४० मिनिटे, १० लीटरने १ तास आणि १५ लीटरने ४० मिनिटे, अशा चार ओळी पुरेशा आहेत. मापक १५०, १०० आणि ५० वर असतानाच्या ओळी याच रीतीने तयार करता येतील. ऑक्सिजनचा प्रवाह किती असावा, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे. तो किती वेळ पुरेल, हे मात्र तक्त्याकडे पाहून कोणासही सांगता यावे.

पंचायत सदस्यांनी आरोग्य केंद्रास भेट देताना सिलिंडर किती आहेत एवढेच न विचारता त्यांच्यावरील मापक चालू आहेत काय, शेवटची नोंद कोणत्या दिवशी घेतली आणि या साठ्यावर एका रुग्णास किती तास काढता येतील, हे तीन प्रश्न विचारावेत. सिलिंडरची संख्या हा साठा नव्हे. संख्या, क्षमता आणि दाब या तिन्हींचा मिळून साठा होतो. पाच रिकामे सिलिंडर नोंदवहीत पाचच दिसतात, पण रुग्णाच्या उपयोगी एकही पडत नाही.

बॉइल यांनी जिन्यात नळी उभी करून हवेचा दाब मोजला, तो एका वादाचा निकाल लावण्यासाठी. त्या मोजमापातून निघालेला नियम आज रुग्णवाहिकेच्या मापकावर, शेतकऱ्याच्या गोबरगॅसच्या टाकीत आणि पाणबुड्याच्या श्वासात काम करीत आहे. तो पाठ असणे पुरेसे नाही. वेळ येईल तेव्हा कागदाच्या एका कोपऱ्यावर त्याचा हिशेब मांडता आला पाहिजे. ज्या गावात असा हिशेब मांडणारी चार माणसे तयार होतील, तेथील रुग्णवाहिका निम्म्या भरलेल्या सिलिंडरवर घाट उतरावयास निघणार नाही.